तीनशे पितळी कड्या

१९ जानेवारी २०२५

नवीन वही. म्हणून प्रथम, आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू : मोटर गुंडाळायचं यंत्र, सायकलच्या पायडलवर चालणारं. शेतातली डुकरं हाकलायचा भोंगा, आपोआप वाजणारा (शेजाऱ्यांच्या तक्रारीवरून बंद). बायकोसाठी, म्हणजे प्रयागबाईसाठी, पापड लाटायचं यंत्र (उत्तम चालतं, ती वापरत नाही, कारण तिचं तिला ठाऊक). दोन निळ्या ड्रमांची नाव. दुर्बीण एक, चंद्रावरचे खड्डे दिसतात. आणि कालपर्यंत पितळी तारेच्या तीनशे कड्या, प्रत्येक आतून आठ मिलिमीटर. एक साडेसात भरली होती, ती मोडून पुन्हा केली.

शिक्षण : दहावी नापास. हे या वहीत एकदाच लिहितो. पंप, इंग्रजी आणि गणित स्वतः शिकलो. ज्योतिषही शिकलो होतो, पण त्यात तपासणी नाही म्हणून सोडलं.

आता कड्या कशाला ते. खेमाच्या वस्तीच्या मासेमारी संस्थेकडे आमच्या अनसिंगजवळच्या तलावाचा ठेका आहे. तलाव मिळाल्यापासून त्या वस्तीचं एकही बिऱ्हाड ऊसतोडीला गेलं नाही. आता मत्स्यखात्याच्या ऑफिसची नवी अट निघाली. ज्या तलावात पंचवीस हजारांच्या वर मासे, तो खुल्या लिलावात जाईल. आणि मासे किती, ते ठरवणार मॉडेल. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरातलं गणित, बाहेरच्या कुठल्याशा कंपनीचं. त्याने तलावाला पाय न लावता अडतीस हजार सांगून टाकले. खेमाच्या अंदाजाने दहा-बारा हजार. तो भांडायला गेला तेव्हा ऑफिसातल्या रंजीता मॅडम म्हणाल्या, आमचं चुकीचं वाटत असेल तर तुमचं बरोबर गणित आणा, एप्रिलच्या बैठकीत ठेवते. पोरगी वयाने लहान, पण बोलणं रास्त आहे.

खेमा तिथून सरळ माझ्या दुकानात आला. स्टुलावर बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, "धनराजभाऊ, मोटर जळाली का नाई हे तुमी न खोलता सांगता. मंग तलाव न खोलता मासे सांगा."

असं कुणी विचारलं की मला नाही म्हणता येत नाही.

२२ जानेवारी

पद्धत सोपी आहे. तीनशे मासे धरायचे, कडी घालून परत सोडायचे, महिनाभर मिसळू द्यायचे. मग पुन्हा जाळं. समजा पाचशे निघाले आणि त्यात दहा कडीवाले, म्हणजे पन्नासांत एक. तर तीनशे कड्यांमागे तलावात पंधरा हजार. जगभर असंच करतात. पण जगभर करतात म्हणून मी मानत नाही. आधी सोयाबीनवर तपासलं.

एक तगारी सोयाबीन. दाणे आधी मोजून ठेवले, नऊ हजार. पैकी तीनशेंना लाल रंग दिला, कालवलं, डोळे मिटून मुठी भरल्या. सूत्राने उत्तर आलं आठ हजार आठशे. इतकं जवळ माझं मापही कधीकधी येत नाही.

प्रयागबाईने तगारी पाहिली. सोयाबीन बियाण्याचं होतं आणि रंग म्हणजे तिची नेलपॉलिश, आमच्या लेकीने, वैष्णवीने, केनवडहून पाठवलेली. बाटलीत काही उरलं आहे का तेवढं विचारलं तिने. उरलं नव्हतं. वैष्णवीला केनवडला देऊन तीन वर्षं झाली, या दिवाळीलाही तिला यायला जमलं नाही. बाटली तेवढी आली होती. मी म्हटलं, दुसरी आणतो. ती म्हणाली, तशी नसन भेटत.

इथल्या सगळ्या दुकानांत भेटते. शंभर वेळा पाहिली आहे.

२ फेब्रुवारी

आज कड्या घातल्या. माझी नाव, माझी पक्कड, माझ्या कड्या. मासोळी ओल्या फडक्यात धरायची आणि वरच्या ओठाच्या डाव्या कडेला कडी. डावी बाजू का, तर मी पक्कड उजव्या हाताने धरतो. दहा मासोळ्या आधी घरच्या हौदात ठेवून तपासल्या होत्या. कडी पडत नाही, मासोळी खाते-पिते.

खेमाची आई बेबीबाई सकाळीच हळदीकुंकवाचं ताट घेऊन हजर. पहिल्या मासोळीला तिने हळद लावली. मी हरकत घेतली नाही. हळदीने जखम चिघळत नाही. मग बाकीच्या बायांनीही लावली. प्रत्येक मासोळीमागे चिमूटभर तांदूळ पाण्यात, म्हणजे खाद्य, ते वेगळं नोंदवलं. बाया गाणी म्हणत होत्या. लग्नातली होती, पण कामाला ताल बरा मिळाला.

प्रयागबाई ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. चिखलात हे कशाला, विचारलं. म्हणाली, अशा टायमाले बरं दिसावं. माझ्या कामाची तिला एवढी किंमत आहे हे मला माहीत नव्हतं.

शेवटची मासोळी सोडताना बेबीबाईच्या डोळ्यांना पाणी आलं. पाण्यावरून ऊन फार परततं. पुढच्या वेळी सगळ्यांना काळे चष्मे सांगावे.

५ मार्च

तपासणी झाली. आधी ती कशी झाली ते, निकाल शेवटी.

वस्तीच्या आठ माणसांनी जाळी ओढली. बाया मासे निवडत होत्या. मी काठावर छत्रीखाली, तलावाकडे पाठ करून, कारण तोंड करून बसलो की पाण्यावरून कागदावर चिलका येतो, डोळे दिपतात. खेमा आकडे ओरडायचा, मी लिहायचो. दर खेपेला विचारायचो, कडीवाली किती? तो म्हणायचा, टोपल्यात एकबी नाई, भाऊ.

दुपारी पाय मोकळे करायला मी स्वतः फेकजाळं टाकलं. वीस मासे, त्यात एक कडीवाली. बेबीबाईने माझ्या हातातून ती घाईने घेतली आणि पाण्यात सोडली. मोजून झाली होती, म्हणून मी काही बोललो नाही.

एकूण पाचशे. कडीवाली एक. जी सापडली ती माझ्याच जाळ्यात सापडावी, याला गणितात योगायोग म्हणतात.

तीनशे गुणिले पाचशे, भागिले एक. तलावात दीड लाख मासे आहेत.

संस्थेने दोन वर्षांत टाकलेलं बीजच चाळीस हजार, मग दीड लाख कुठून, ही शंका कुणालाही येईल. मलाही आली. उत्तर असं, की वरच्या नाल्याने पुरात येत असणार. मॉडेल खोटं ठरलं, खेमाही खोटा ठरला, खरा आकडा दोघांच्याही पलीकडे होता. संशोधनात असंच होतं.

कागद सुवाच्य अक्षरात लिहिला, सही केली, फोटो काढून रंजीता मॅडमना पाठवला. मग खेमाला सांगितलं.

६ मार्च

खेमा आला नाही.

७ मार्च

खेमा आला. चहा नको म्हणाला. उभ्यानेच बोलला, "भाऊ, मी तुमाले मॉडेल खोटं पाडाले बोलावलं होतं. तुमी त त्याच्या चौपट करून राह्यले."

मी म्हटलं, आकडा येतो तो येतो. त्याला ओढून-ताणून लहान करणं माझ्या स्वभावात नाही.

तो म्हणाला, ऊसतोडीचा मुकादम उचल घेऊन कालच वस्तीत येऊन गेला. ज्याला घ्यायची त्याने घ्या म्हणाला, तलाव जाणारच आहे.

मॅडमचा मेसेज आला. तुमचा अहवाल एप्रिलच्या बैठकीसाठी ठेवला आहे, आमच्या अंदाजापेक्षा फारच पुढे गेलात. खाली एक आश्चर्यचकित चेहरा. दुपारी वाशीमहून हरीओमचा फोन. तो मासळीचा ठोक व्यापारी, लिलाव निघाला तर हा तलाव घेणार असं चार लोकांत बोलून दाखवतो. म्हणाला, धनराजभाऊ, जिल्ह्यात तुमच्यासारखं डोकं नाही.

हे मला आधीच माहीत होतं, पण त्याच्या तोंडून ऐकून जेवण गेलं नाही.

१२ मार्च

खेमाचं तोंड डोळ्यांसमोरून जाईना. म्हणून ठरवलं, सूत्राचीच परीक्षा घ्यायची. आणि परीक्षा घ्यायची तर उत्तर आधी माहीत असलेल्या जागी.

दौलतराव माझे जुने गिऱ्हाईक, त्यांच्या शेततळ्याची मोटर मी तीनदा गुंडाळली आहे. त्या शेततळ्यात मी स्वतः मोजून दोनशे मासे सोडले. पैकी पन्नासांना कड्या, नव्या केलेल्या. बेबीबाईला कुणी सांगितलं कोण जाणे, ती ताट घेऊन तिथेही आली. तीन दिवस मिसळू दिले. आज वस्तीच्या माणसांनी जाळं ओढलं, बायांनी निवडलं, मी छत्रीखाली लिहीत होतो.

निघाले चाळीस, मोजून परत सोडले. कडीवाली एकही नाही.

पन्नास गुणिले चाळीस, भागिले शून्य. शून्याने भागता येत नाही. याचा अर्थ शेततळ्यात अगणित मासे आहेत. तसं मी दौलतरावांना सांगितलं.

ते म्हणाले, "मंग इकून टाका थोडे."

१३ मार्च

वस्तीवर कुणालाही न कळवता शेततळ्यावर गेलो. मी आणि दौलतराव, दोघांनीच जाळं ओढलं. चाळीस मासे, त्यात नऊ कडीवाल्या. हिशेब केला, दोनशे बावीस. खरे दोनशे.

म्हणजे तेच सूत्र माझ्या हाताखाली खरं बोलतं आणि खेमाच्या माणसांच्या हाताखाली खोटं. मग खेमा मला फसवतो आहे काय? पण आकडा फुगला तर तलाव त्याचाच जातो. स्वतःच्या झोपडीला काडी कोण लावेल?

जेवताना हे सगळं मोठ्याने बोललो. प्रयागबाई भाकर थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "नथ घातलेली लेक कोनी टोपल्यात भरून बाजारात नेते काय?"

मी म्हटलं, नथ नाही, कडी आहे. आतून आठ मिलिमीटर.

"डाव्या अंगालेच घातली ना?"

घातली.

"हळद लावली, वटी भरली, गानं म्हनलं, मंग पान्यात सोडली. अन आता इचारता, धरून काहून नाई आनली."

बाया निवडतानाच कडीवाल्या मासोळ्या परत सोडत होत्या. पहिल्या दिवसापासून. टोपल्यात फक्त बिनकडीच्या पडत होत्या, आणि खेमा टोपलीच मोजत होता. कुणी काही लपवलं नव्हतं. सगळं माझ्या पाठीमागे, दहा हातांवर, उघड्यावर चाललं होतं.

मी विचारलं, मला सांगितलं का नाही.

"तुमी इचारलं कुठं? मले वाटलं तुमाले ठावं हाय. म्हनून त मी लुगडं नेसली होती."

सोयाबीनने मला दगा दिला नव्हता. सोयाबीन कुणाची लेक नसते.

१४ मार्च

आज धुळवड. दुकान बंद. बाहेर रंग खेळत होते, मी आत बसून दीड लाखांच्या कागदाची झेरॉक्स वाचत होतो. अक्षर खरंच सुरेख आलं आहे.

१६ मार्च

वस्तीवर गेलो. बेबीबाई जाळं सांधत होती. सगळं सांगितलं. ती म्हणाली, तिला वाटलं होतं तलावातली मासोळी आटू नये म्हणून मी लेकी सोडतो आहे. तिच्या माहेरी एका डोहात अशी एक नथवाली मासोळी सोडत. इथे धनराजभाऊंनी तीनशे सोडल्या, म्हणून साऱ्या वस्तीने माझं नाव काढलं होतं. एवढा मान मला आजवर मिळाला नव्हता आणि तो असा चुकून मिळालेला निघाला.

खेमा म्हणाला, माय, यावेळी मोजू दे, मोजून झाल्यावर सोडू. बेबीबाईने जाळं खाली ठेवलं. लेकीला कुणी मोजतं काय, म्हणाली. मोजली की नजर लागते.

खेमाने माझ्याकडे पाहिलं. मी गुडघ्यावर पेन्सिल आपटत बसलो. कड्या काढून शेपटीला खूण करावी तर तीनशे मासोळ्या पुन्हा धरायच्या कशा, आणि नथ उतरवायची म्हटली तर बेबीबाईने मला तलावात ढकललं असतं. मग एक सुचलं. म्हटलं, बेबीबाई, लेक माहेरी आली की दारातून कुणी आत ओरडत नाही का, आली म्हणून?

ओरडतात, म्हणाली.

तेवढंच ओरडा. आली म्हणा आणि सोडून द्या. मोजायचं पाप माझ्याकडे.

तिने जाळं उचलून एक गाठ आवळली. मग म्हणाली, "बरं. पन तुमी पाठ करून बसू नोका, भाऊ. लेक येते त तोंड इकडं पाह्यजे."

खरं सांगायचं तर मोजणीच्या शास्त्रातली एवढी महत्त्वाची सूचना मला कोणत्याही पुस्तकात मिळाली नव्हती. तिला तसं सांगितलं नाही.

२८ मार्च

आज मोजलं. छत्री उलट्या बाजूला बांधली, चिलका सोसला, तोंड तलावाकडे.

जाळं काठाला यायचं, बाया वाकायच्या. मधेच एकीचा आवाज, आली व माय. मी रेघ ओढायचो. ती मासोळी कपाळाला लावून पाण्यात, बाकीच्या टोपल्यात. कड्या अजून नव्यासारख्या चमकतात. पितळ निवडलं ते बरोबर होतं. प्रयागबाईही बायांत वाकली होती. एकदा तिचाच आवाज आला, आली. त्या खेपेला रेघ ओढायला उशीर झाला. पाण्याचा शिंतोडा डोळ्यात गेला होता.

एकूण साडेचारशे, कडीवाल्या धरून. त्यात कडीवाल्या बारा. तलावातले मासे अकरा हजार दोनशे पन्नास. दहा-बारा, असं खेमा म्हणाला होता. त्याने ते कसं काढलं होतं, विचारलं. म्हणाला, पायावर घसटतात त्यावरून.

हे सूत्र तपासायला सवड काढली पाहिजे.

मॉडेलचा कागदही नीट पाहिला. त्याने पाणी गेल्या पावसाळ्याअखेरचं धरलं आहे, काठोकाठ. आज तलाव निम्म्याखाली आहे आणि खडकावर पाणकावळ्यांची अख्खी पंगत बसलेली असते. मॉडेलला पाणकावळे माहीत नाहीत. मला बेबीबाई माहीत नव्हती. तेव्हा मी त्याला फार हसू नये.

घरी आल्यावर प्रयागबाई फोनवर बराच वेळ बोलत होती. वैष्णवी उन्हाळ्यात यायचं म्हणते. मी नेलपॉलिशचा रंग विचारून घ्यायला सांगितला.

३ एप्रिल

दुरुस्तीचा कागद लिहितो आहे. पहिला मसुदा : "काही स्थानिक कारणांमुळे आकड्यात फरक पडला." फाडला. दुसरा : "निवड करणाऱ्या महिलांच्या गैरसमजामुळे." हा फाडायच्या आधी प्रयागबाईने वाचला आणि संध्याकाळी मला कालचं वरण वाढलं. तिसरा अजून लिहिला नाही. दहावी नापास माणसाचा एकच कागद ऑफिसच्या फायलीत आहे, आणि तो चुकलेला आहे असं त्याच माणसाने लिहून द्यायचं. सोपं नाही.

६ एप्रिल

हरीओम येऊन गेला. त्याबद्दल आज लिहीत नाही.

तिसरा मसुदा लिहिला.

८ एप्रिल

वाशीमला बैठक झाली. रंजीता मॅडमनी विचारलं, दीड लाखांचा अहवाल तुमचाच ना? मी उभा राहिलो. पंचवीस-तीस माणसं होती, हरीओम दुसऱ्या रांगेत. तिसरा मसुदा वाचला. तो असा : "सूत्र बरोबर आहे. मासे बरोबर आहेत. बाया बरोबर आहेत. मी तलावाकडे पाठ करून बसलो होतो. तरी दीड लाखांचा आकडा रद्द समजावा. खरा आकडा अकरा हजार दोनशे पन्नास, मोजणीच्या रेघांसह जोडला आहे."

मागे कुणीतरी हसलं. मग नथीची हकिगत सांगावी लागली आणि सगळेच हसले. मॅडमही. पण हसून झाल्यावर त्यांनी शेततळ्याची परीक्षा पुन्हा एकदा सांगायला लावली, खेमाच्या माणसांनी ओढलेलं जाळं आणि आम्ही ओढलेलं. लिहून घेतली. कंपनीला विचारतात म्हणाल्या, तुमचं मॉडेल उत्तर माहीत असलेल्या तलावावर कधी तपासलं होतं काय. माझ्या माहितीप्रमाणे हा प्रश्न त्या ऑफिसात पहिल्यांदाच विचारला गेला. तलाव लिलावात जाणार नाही. खेमाने बाहेर येऊन फक्त एवढं म्हटलं, मुकादमाले फोन लावतो, उचल वापस घेऊन जा म्हनून. बेबीबाईने निरोप दिला होता, पुढल्या सालीही कड्या पाहिजेत. आठाच्याच, लहान नकोत.

एक नोंद राहिली. हरीओम परवा दुकानात आला तेव्हा मी मोटर खोलून बसलो होतो. तो खोटं लिही म्हणाला नाही. तो हुशार आहे. म्हणाला, "कागद तुमचा, सही तुमची, आकडा तुमचा. मी काई बदला म्हनत नाई. तुमी फक्त नवा कागद देऊ नोका. गप राहा. कोनी हासनार बी नाई."

शेवटचं वाक्य त्याने बरोबर जागी मारलं होतं. मोटरमध्ये माझा हात थांबला, हे लिहून ठेवतो.

मग त्याने पाकीट ठेवलं. पंचाहत्तर हजार, म्हणाला. मी हात पुसले आणि नोटा मोजल्या, त्याच्याकडे तोंड करून. त्याला वाटलं, जमलं. मोजून पाकीट परत त्याच्या खिशात घातलं आणि एक नोट कमी असल्याचं त्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, अंदाजाने भरलं होतं.

नाकारलेली रक्कम : सांगितलेली पंचाहत्तर हजार, प्रत्यक्षात चौऱ्याहत्तर हजार पाचशे.